मुंबई ते नागपूर अंतर किती आणि विमानाला किती वेळ लागतो?

सरळ रेषेत साधारण 680 किलोमीटर. तिकिटावर दीड तास ते एक तास चाळीस मिनिटं दिसतील, पण हवेत विमान सव्वा तासाच्या आसपासच असतं. तुम्हाला विमानाने जाऊन त्याच संध्याकाळी नागपुरात लग्नाला पोचायचंय म्हणता, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी डोंबिवलीचा, सासर नागपूरचं. वर्षाला तीन-चार फेऱ्या ठरलेल्याच.

तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि पलीकडे जागेवर उभं राहिलं की संपतो. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. पुढे सात-आठ विमानांची रांग असली की पट्टा बांधून नुसतं बसायचं. आणि गंमत म्हणजे नागपूर पूर्वेला, पण विमान बहुतेक वेळा उडतं पश्चिमेला! वारा समुद्राकडून येतो आणि उड्डाण वाऱ्याला तोंड देऊन करायचं असतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा खाली पाणीच पाणी बघून मी चुकीच्या विमानात बसलो की काय, असं वाटलं होतं. मग ते वळसा घेऊन परत जमिनीवर येतं. परतीला मुंबईवर गर्दी असली तर वरच घिरट्या घालतात, तेव्हा येताना थोडा जास्त वेळ धरा.

आता खरा हिशेब. डोंबिवलीहून विमानतळ दीड तास, तिथे पावणेदोन तास आधी, विमानाचे एक तास पस्तीस मिनिटं, बॅगेसाठी वीस मिनिटं, नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून धरमपेठेत सासरी अर्धा तास. झाले पाच तास चाळीस मिनिटं. मेहुणा दर वेळी चिडवतो, "भाऊजी, विमान सव्वा तासात येते अन् तुम्ही सहा तासांनी येऊन राहिले!"

समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. जून 2025 पासून पूर्ण खुला आहे. पण तो भिवंडीजवळच्या आमणेहून सुरू होतो, तिथवर पोचायचा वेळ वेगळा. गाडीने आठ तास म्हणतात, जेवणखाण आणि थांबे धरून आम्हाला दहा लागतात. रेल्वेचं अंतर 837 किलोमीटर, कारण ती मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा करत जाते. रात्री दुरांतोत झोपलात की सकाळी नागपूर. एकटा असलो की मी तीच धरतो.

नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचा फायदा पूर्वी टपाल खात्यानेही घेतला होता. 1949 पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथून निघालेली टपालाची विमानं मध्यरात्री नागपुरात जमायची, पोती अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत.

तुमच्यासाठी एवढंच: दुपारचं विमान घेऊ नका, सकाळचं घ्या. उशीर झालाच तरी मंगलाष्टकं चुकणार नाहीत. डिसेंबरात जात असाल तर तिकीट आजच काढा, हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत भाडी भडकतात. आणि तिकिटावर मुंबई आहे की नवी मुंबई, ते नीट वाचा. डोंबिवलीकडच्यांना दुसरं सोयीचं, बोरिवलीकरांना नाही.