रिसायकलिंग खरंच परवडतं का, की खर्च आणि प्रदूषणच जास्त?

धातूंच्या बाबतीत परवडतं, दणदणीत परवडतं.

'भंगार गोळा करण्यातच एवढं डिझेल जळतं, त्यापेक्षा नवा माल बरा' असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. माझ्या दाजींनी खानापुरात लग्नाच्या पंगतीत अगदी हेच ऐकवलं होतं, तेही माझ्या वडिलांसमोर. भंगाराचं दुकान वडिलांनी उभं केलेलं. ते गप्प राहिले. मी मात्र दाजींना बेळगावला दुकानावर घेऊन आलो.

शेतावरच्या जळक्या मोटरी आल्या होत्या. आमचा गडी छिन्नीनं वायंडिंगची एक बाजू छाटतो आणि दुसरीकडून तांब्याचे वेढे ओढून काढतो. तांबं एका पोत्यात, ॲल्युमिनियम दुसऱ्यात, बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, बॉडी ढिगावर. ते बीड टेम्पोनं उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, जातं आणि टनाला साधारण ६०० युनिट विजेत इंडक्शन भट्टीत वितळतं. खाणीतून खनिज काढून, कोक जाळून लोखंड करायचं, त्यापुढे टेम्पोचं डिझेल ते किती! ॲल्युमिनियमचं तर विचारूच नका. नवं करायला नुसत्या स्मेल्टरमध्ये, म्हणजे धातू वेगळा करणाऱ्या कारखान्यात, किलोला १४-१५ युनिट वीज लागते. भंगारातून केलं तर एकूण ऊर्जेच्या ५ टक्क्यांत भागतं.

दाजी म्हणाले, "पण मजुरी धर की."

धरतोच. माल निवडण्याची मजुरी हाच या धंद्यातला मोठा खर्च. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पत्रा बिडात राहिला तर भट्टीवर जस्ताचा धूर होतो, बंद तोंडाचं नळकांडं गेलं तर स्फोट. हे सगळं आमच्याकडच्या बायका हातानं निवडतात, त्यावर त्यांची घरं चालतात. या पैशाला तोटा म्हणणारा हिशेब मला मान्य नाही.

काच आणि प्लॅस्टिकबद्दल मात्र एवढं छातीठोक बोलणार नाही. काच जड, वाळू स्वस्त. भट्टीत १० टक्के फुटकी काच घातली तर ऊर्जा जेमतेम २-३ टक्के वाचते, म्हणून लांबून आणण्यात अर्थ नाही. बाटली धुऊन परत भरावी. वेफर्सची चकचकीत पाकिटं आम्ही फुकटसुद्धा घेत नाही, त्यांचे थर सुटे होत नाहीत. आणि तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही, तो धूर विषारीच.

तुम्ही मोटर, मिक्सर, पत्रा कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, वेगळं काढून विका. भंगारवाल्याला अरे-तुरे करून चार रुपयांसाठी अडवायचं आणि वर रिसायकलिंग परवडत नाही म्हणायचं, हे चालणार नाही. दाजींनाही मी हेच तोंडावर सांगितलंय.