वाचकांचे प्रश्न : सैनिकाच्या पत्नीला पेन्शन नसेल तर

प्रश्न : माझे चुलते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून नऊ वर्षांतच घरी आले. पेन्शन नव्हती. आता ते हयात नाहीत. चुलती 68 वर्षांच्या आहेत, मजुरी होत नाही. सरकारकडून काही मिळेल का? (एक वाचक, खटाव)

उत्तर : मिळू शकेल. पण अनुदानाचा अर्ज भरण्याआधी चुलत्यांचे डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटताना मिळालेले नोकरीच्या नोंदींचे पुस्तक) काढा आणि नोकरी कशामुळे सुटली ते वाचा. जवानाच्या सेवा पेन्शनला 15 वर्षे लागतात, म्हणून नऊ वर्षांवर काहीच नाही असे गावोगाव धरून चालतात. वैद्यकीय कारणाने घरी पाठवले असेल, तर अपंगत्व पेन्शनचा आणि त्यामागून कुटुंब पेन्शनचा दावा उभा राहू शकतो. तशी नोंद दिसली तर त्यांच्या रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. कुटुंब पेन्शन किमान 9,000 रुपये, वर महागाईची वाढ. हा हक्क आहे, तो आधी तपासायलाच हवा.

दावा बसत नसेल, तर केंद्रीय सैनिक बोर्डाची पेन्युरी ग्रँट, म्हणजे गरजूंसाठीचे मासिक अनुदान, आहे. अटी अशा : पेन्शन नसावी, पतीचा हुद्दा हवालदार किंवा त्याखालचा, विधवेचे वय 65 पूर्ण. 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना महिना 4,000 ऐवजी 8,000 रुपये मंजूर होतात. आधी साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून विधवा ओळखपत्र घ्या. अर्ज बोर्डाच्या संकेतस्थळावर भरायचा. कागद तपासून शिफारस तेच कार्यालय करते.

अर्ज अडतो तो बहुधा नावावर. डिस्चार्ज बुकात ‘लक्ष्मी’, आधारवर ‘लक्ष्मीबाई’, पासबुकात माहेरचे नाव. ही सगळी नावे एकाच बाईची असल्याचे प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडा. खाते चुलतींच्या एकटीच्या नावाचे हवे. आणि मोबाइल नंबर घरातलाच द्या. सायबर कॅफेवाल्याचा दिला, तर त्रुटी निघाल्याचे घरी कळतच नाही आणि गरजू बाईचा अर्ज तसाच पडून राहतो.

प्रश्न : वडील तोफखान्यात होते. डिस्चार्ज बुक पुरात गेले. आईचा अर्ज कसा करू? (एक वाचक, शिरोळ)

उत्तर : आर्मी नंबर शोधा, जुनी पत्रे, मनीऑर्डरच्या पावत्या, कॅन्टीन कार्ड यांवर तो सापडतो. वडिलांनी जिल्हा सैनिक कार्यालयात नाव नोंदवले असेल, तर तिथल्या दप्तरातही असेल. पोलिसांत हरवल्याची नोंद करा, तिची प्रत आणि प्रतिज्ञापत्र जोडून नाशिकरोड कॅम्पच्या आर्टिलरी रेकॉर्ड्सला अर्ज पाठवा. त्याच पत्रात आईचे नाव पत्नी म्हणून नोंदलेले आहे का, हेही विचारा.