पाऊस सरासरीइतका, तरी रब्बीत ओल का टिकत नाही?

प्रश्न : आमची जमीन भारी काळी, सुमारे तीन फूट खोलीची आहे. वडिलांच्या काळी मुरलेल्या पावसाच्या ओलीवर शाळू (रब्बी ज्वारी) हमखास निघत असे. आता पाऊस सरासरी गाठतो, तरी ज्वारी पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधीच्या अवस्थेत) असतानाच जमीन भेगाळते. असे का होते?
– एक वाचक, जि. परभणी

उत्तर : पर्जन्यमापकात दिसतो तो पडलेला पाऊस, शाळूला मिळतो तो त्यातला मुरलेला भाग, आणि नेमका तोच घटू लागला आहे.

चिकण काळी माती मीटरभर खोलीत पिकाच्या उपयोगाचे साधारण 150 ते 200 मिलिमीटर पाणी साठवते. मात्र भिजून फुगली आणि भेगा मिटल्या की ती तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी आत घेते. रिमझिम झडीला हा वेग पुरतो. तासाभरात 50 मिलिमीटर कोसळले तर बहुतेक पाणी वरची कसदार माती घेऊन ओढ्याला मिळते. मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात सुमारे तिपटीने वाढल्या आहेत. सरासरी भरून निघते ती अशा पावसाने, आणि मधले पावसाचे खंड पिकाला सोसावे लागतात. 2023 चा ऑगस्ट तर देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

तापमानवाढीचा फटका याहून छुपा आहे. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते आणि ती माती व पानांतून अधिक पाणी ओढते. जमीन ओली असते तोवर उन्हाची बरीच उष्णता बाष्पीभवनात खर्च होते. जमीन सुकली की तीच उष्णता हवा तापवते आणि उरलीसुरली ओल अधिक वेगाने उडते. भेगा पडल्यावर खालच्या थरांनाही वारा लागतो. त्यातच चिकणमातीने आवळून धरलेले पाणी मुळांना सुटत नाही, म्हणून ढेकूळ हाताला दमट लागले तरी पीक माना टाकते.

भेगा दिसेपर्यंत थांबू नका. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करा, म्हणजे पिकाच्या ओळींमधली वरची माती कोळप्याने हलवून भुसभुशीत करा. शेवटची दातेरी कोळप्याने केल्यास भेगा मातीने बुजतात. माझ्या मते शेततळ्याच्याही आधी करण्याचे काम म्हणजे खरिपात रान मोकळे असताना उताराला आडवे बंदिस्त वाफे (चारही बाजूंनी छोटे बांध असलेले) पाडणे, कारण त्यामुळे जोरदार सरीचे पाणी मुरायला वेळ मिळतो.