बीकेसी आणि ऐरोली, दोघांच्या दोन नोकऱ्या: घर कुठे बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून मुंबईत येताय, तुमचं ऑफिस बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात), पत्नीचं नवी मुंबईतल्या ऐरोलीत. डोंबिवली, घाटकोपर आणि बोरिवली-दहिसर असे तीन पर्याय डोक्यात आहेत. आणि आता मेट्रो आलीय, तर लोकलची गर्दी टाळता येईल का?

मी आयुष्यभर मध्य रेल्वेने प्रवास केलाय, मेट्रोही नेहमी वापरतो. त्यावरून सांगतो, या तीनपैकी कुठलंच नको. ठाणे बघा, नाहीतर मुलुंड. का, ते सविस्तर लिहितो.

मुंबईत घर शोधणारे बहुतेक जण नकाशावर किलोमीटर मोजतात, नाहीतर ॲपमध्ये मिनिटं बघतात. खरा हिशोब दोनच गोष्टींचा असतो: गाडी किती वेळा बदलावी लागते, आणि तुमच्या स्टेशनवरून गाडी सुटते की आधीच भरून येते. सरळ एका गाडीने पन्नास मिनिटं गेलात तर माणूस ताजा पोचतो. दोनदा गाडी बदलून चाळीस मिनिटांत गेलात तर थकलेला पोचतो, आणि ती चाळीस मिनिटं रोज चाळीसच राहतील याची खात्री नाही. एक गाडी चार मिनिटं उशिरा आली की पुढची हुकते.

आता मेट्रोबद्दल. शहर अरुंद आणि लांबट असल्यामुळे रेल्वे पहिल्यापासून उत्तर-दक्षिण धावते. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली तीही त्याच दिशेने. पूर्व उपनगरातून पश्चिमेला रेल्वेने जायचं तर दादरला किंवा वडाळ्याला वळसा घालावा लागायचा. २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपरहून वर्सोव्याला वीस-बावीस मिनिटांत जाता यायला लागलं. मेट्रोचं खरं मोल इथे आहे. जिथे लोकल जात नाही तिथला आडवा किंवा शेवटचा तुकडा ती जोडते. पण करोनाच्या आधी रोज सुमारे ७५ लाख लोक लोकलने जात होते. लोकल बारा आणि पंधरा डब्यांची, पहिली मेट्रो चार डब्यांची, आरे-कफ परेड भुयारी मेट्रो आठ डब्यांची. मेट्रो लोकलच्या जोडीला आहे, जागा घ्यायला नाही. तुम्हा दोघांनाही पास काढावाच लागणार असं धरून चाला.

दहिसर-बोरिवलीचं बघू. मेट्रोनेच जायचं तर दहिसरहून येणाऱ्या मेट्रो ७ ने गुंदवली, तिथून पुलावरून मेट्रो १ चं (वर्सोवा-घाटकोपर) पश्चिम द्रुतगती मार्ग स्टेशन, तीन स्टेशनं जाऊन मरोळ नाका, आणि तिथून मेट्रो ३ ने, म्हणजे भुयारी मेट्रोने, बीकेसी. कागदावर हे फार छान दिसतं. प्रत्यक्षात मरोळ नाक्याला एक गाडी रस्त्याच्या वर आहे आणि दुसरी खोल जमिनीखाली. खाली उतरायचं, बॅग तपासून घ्यायची, मग एकामागून एक सरकते जिने. सकाळी यातच बराच वेळ जातो. मेट्रो १ वेगळ्या कंपनीची, ७ वेगळ्या संस्थेची, ३ आणखी वेगळ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या मुंबई वन ॲपमुळे तिकिटाचा त्रास कमी झालाय, चालण्याचा नाही. त्यापेक्षा बोरिवलीहून फास्ट लोकलने वांद्रे आणि पुढे बस किंवा शेअर रिक्षा हे सोपं. पण तुमच्या पत्नीला बोरिवलीहून ऐरोली म्हणजे रोजची शिक्षा आहे. हा पर्याय काढूनच टाका.

घाटकोपर तुमच्यासाठी उत्तम. कुर्ला दोन स्टेशनांवर. पण पत्नीला आधी ठाण्याला जाऊन ट्रान्स हार्बर (ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी लोकल) पकडावी लागेल. भाडंही चांगलंच जास्त. शिवाय सकाळी घाटकोपर स्टेशनचे पूल बघून या. कल्याणकडून येणारे सगळे मेट्रोसाठी तिथेच उतरतात आणि रेल्वेचा अरुंद जिना ती गर्दी एका वेळी पोटात घेऊ शकत नाही.

डोंबिवलीवर जरा जास्त लिहितो, कारण भाडं परवडतं म्हणून बहुतेक जण तिकडे वळतात. गाव चांगलं आहे, मराठी माणसाला दोन दिवसांत आपलं वाटतं. तिथून सुटणाऱ्या डोंबिवली लोकल आहेत, त्या वेळा पाठ करा. कल्याण, कसारा, कर्जतहून येणाऱ्या फास्टमध्ये सकाळी आठच्या सुमारास नवख्या माणसाला पाय ठेवता येत नाही. इंडिकेटरवर कसाऱ्याला ‘एन’ आणि कर्जतला ‘एस’ लिहितात. संध्याकाळी परतताना या लांबच्या गाड्यांत डोंबिवलीवाल्याने शक्यतो चढू नये, दारातले लोक उतरू देत नाहीत. पत्नीला लेडीज डब्यातून ठाण्याला उतरायचं असेल तर फलाट कुठल्या बाजूला येतो ते आधी विचारून ठेवावं आणि मुंब्रा-कळव्यापासून दाराकडे सरकायला सुरुवात करावी. ठाण्याला गाडी थांबल्यावर उठून उतरता येत नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. दारात लटकू नका. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर फुटबोर्डवरचे प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. ती माणसं हौस म्हणून लटकलेली नव्हती, आत जागाच नव्हती. म्हणून जिथून गाडी सुटते अशा स्टेशनजवळ घर घ्या असं मी पुन्हा पुन्हा सांगतो.

आता ठाणे. ठाण्याहून सुटणारी स्लो लोकल धरा. मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला. अर्धा तास, आणि गाडी लागताना फलाटावर असाल तर बसायला मिळण्याची शक्यता बरी. फास्टच्या मागे लागू नका. कुर्ल्याच्या पुढे सीएसएमटीपर्यंत पाचवी-सहावी मार्गिका झालेली नाही, त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाड्या फास्टच्याच रुळांवर येतात. त्या उशिरा आल्या की फास्ट लोकल मागे तुंबतात. कुर्ल्यापर्यंत जाणाऱ्याला फास्टने वाचणारी मिनिटं थोडी आणि त्रास फार. पत्नीला तर फलाट नऊ-दहावरून ट्रान्स हार्बरने थेट ऐरोली, मध्ये फक्त दिघा गाव. दोघांनाही एकाच स्टेशनवरून निघता येतं. मुलुंड घेतलंत तर ऐरोली पुलावरून बसही आहे.

तुमचा कच्चा दुवा कुर्ला ते बीकेसी. पश्चिमेला शेअर रिक्षांची रांग आणि बेस्टच्या बस, अंतर साधारण तीन किलोमीटर, पण रस्ता तुंबला की लोकलइतकाच वेळ तिथे. डी. एन. नगर-मंडाळे मेट्रो २बी पूर्ण झाली की बीकेसी आणि कुर्ला जोडले जातील, पण आज घर घेताना ती धरू नका. घोडबंदर रोडवरच्या मेट्रो ४ चंही तेच. खांब दाखवून ‘मेट्रोला लागून’ म्हणत एजंट भाडं वाढवून सांगतील. चालू गाडीचेच पैसे द्या. ठाण्यातही स्टेशनपासून चालत किंवा एका शेअर रिक्षाने पोचता येईल असं घर बघा. घोडबंदरच्या आतल्या भागातून स्टेशनला येतानाच जीव जातो.

काही जण सुचवतील की दादरला उतरून मेट्रो ३ ने बीकेसीला या, तीनच स्टेशनं आहेत. नाव दादर असलं तरी मेट्रो स्टेशन रेल्वेला चिकटून नाही. पूल ओलांडून पश्चिमेला उतरायचं, बाजारातून चालत जायचं. रोजसाठी हे नको. पण कुर्ल्याचा रस्ता बंद असेल त्या दिवशी हाच मार्ग उपयोगी पडतो, म्हणून एकदा चालून बघून ठेवा. दादरला फलाटांचे आकडे डिसेंबर २०२३ पासून सलग आहेत, पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्यचे ८ पासून पुढे. जुनी माणसं अजून जुनेच आकडे सांगतात, बोर्ड बघून चढा.

पावसाचं वेगळं सांगतो. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की शीव-कुर्ला पट्ट्यात रुळांवर पाणी चढतं आणि मध्य-हार्बर दोन्ही अडकतात. अशा दिवशी दुपारीच ऑफिसात विचारून निघा, संध्याकाळची वाट बघू नका. भुयारी मेट्रो सहसा चालते, पण मे २०२५ मध्ये आचार्य अत्रे चौक स्टेशनातच पाणी शिरलं होतं, त्यामुळे तिच्यावरही डोळे झाकून विसंबू नका. रविवारी बाहेर पडायच्या आधी मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवण्याची वेळ) बघायचा, ही सवय लागेलच.

डिपॉझिट देण्याआधी एक सोमवार मोकळा ठेवा. सकाळी साडेआठला ठाण्याहून बीकेसी आणि संध्याकाळी साडेसहाला परत, असं दोघांनी आपापल्या मार्गाने जाऊन या. रविवारी घर बघून ठरवू नका, रविवारचं ठाणे स्टेशन वेगळंच असतं. आणि तुमचं ऑफिस बीकेसीच्या कलानगरच्या (वांद्र्याकडच्या) टोकाला आहे की कुर्ल्याच्या, ते मला कळवा. कलानगरकडे असेल तर कुर्ल्याऐवजी दादरला गाडी बदलून वांद्र्याला उतरणं बरं पडेल का, ते वेळांसकट लिहून देतो.