तुमचे प्रश्न : शेजारच्या गावाशी एवढं वैर कशाला?

प्रश्न : मुलाकडे टेक्सासला सहा महिन्यांसाठी आलोय. नातू चौदा वर्षांचा, हायस्कूलला आहे. तो फुटबॉल खेळतही नाही, बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो, तरी सूनबाई म्हणते बाबा, शुक्रवारी संध्याकाळचं काही ठरवू नका. मागच्या आठवड्यात शेजारच्या गावाशी मॅच होती तर दुकानांच्या काचा रंगवलेल्या, पेट्रोल पंपावर पण तोच विषय. शाळेच्या पोरांच्या खेळासाठी एवढं? आणि पायाने तर कुणी बॉल मारतच नाही! – एक आजोबा

उत्तर : काका, खेळाचं आधी उरकून टाकू. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर बॉल समोरच्यांकडे. एवढ्यावर अख्खी मॅच बघता येते, उरलेलं शेजारी बसलेला माणूस न विचारताच सांगतो.

आता खरा मुद्दा, म्हणजे पत्ता. तिकडे सरकारी शाळा साधारण घराच्या पत्त्यावर ठरते, रस्त्याच्या अलीकडे राहिलात तर ही शाळा, पलीकडे तर ती, आणि लहान गावात तर एकच हायस्कूल, म्हणजे टीम म्हणजे गावच झालं ना. मैदानातली पोरं गल्लीत वाढलेली, कुणाचा बाप त्याच शाळेकडून खेळलेला, आणि घरावरचा जो टॅक्स भरतो त्यातून शाळा चालते. डॅलसजवळच्या ॲलनमध्ये लोकांनी २००९ साली मतदान करून ११.९ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, त्यातले सुमारे ६ कोटी एकट्या स्टेडियमला, बसायला १८,००० जागा, शाळेच्या पोरांसाठी! २०१२ला उघडलं आणि २०१४ला काँक्रीटला तडे गेले म्हणून बंद ठेवायला लागलं, एक सीझन गेला. शेजारच्या गावांना हसायला केवढं मिळालं असेल विचार करा.

तुमचा नातू खेळत नाही म्हणता पण हाफटाइमला मैदान त्याचंच असतं. बँड, चीअरलीडर, ड्रिल टीम, खाण्याचा स्टॉल चालवणारे आईबाप, असं करत करत घरटी एक माणूस तरी तिथे कामाला लागलेला असतो. सूनबाईंचं बरोबर आहे.

शुक्रवारचं तर कायद्यानेच राखून ठेवलंय. १९६१ सालच्या एका कायद्यामुळे एनएफएलला, म्हणजे तिकडच्या प्रोफेशनल फुटबॉल लीगला, टीव्हीचे हक्क एकत्र विकायची सवलत मिळते, पण अट अशी की सप्टेंबरचा दुसरा शुक्रवार ते डिसेंबरचा दुसरा शनिवार, शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर शाळांच्या मॅचच्या ७५ मैलांच्या आत मॅच दाखवायची नाही, नाहीतर सवलत गेली. म्हणून एवढी बलाढ्य लीग पण शुक्रवारी रात्री गप्प बसते. २०२४ला ब्राझीलमध्ये शुक्रवारी खेळले ते ६ सप्टेंबरला, दुसरा शुक्रवार यायच्या आधी, बरोबर हिशोब करून.

आणि वैर. पश्चिम टेक्सासमधलं ओडेसा आणि मिडलंड घ्या, मध्ये वीसेक मैल, दोन्हीकडे तेलच, पण ओडेसात विहिरींवर राबणारी माणसं आणि मिडलंडला तेल कंपन्यांची ऑफिसं, तेव्हा ओडेसाची पर्मियन हायस्कूल मिडलंडशी खेळते तेव्हा साहेब आणि कामगार पण खेळत असतात असं मला तरी वाटतं. पण दरवेळी पैशाचाच वाद असतो असं नाही हां. फ्लोरिडात ओकीचोबी तळ्याकाठी पहोकी आणि बेल ग्लेड, दोन्ही गरीब, दोन्हीकडे तीच काळी माती आणि तोच ऊस. तोडणीआधी फड पेटवतात, आतून ससे सुटतात आणि पोरं त्यांच्या मागे धावून धावून वेगवान होतात, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. दोघांच्या मॅचचं नाव मक बोल, मक म्हणजे ती काळी माती. दोन्ही गावांतून पोरं एनएफएलला गेलीत, आणि इतकं सारखं असूनही, की सारखं आहे म्हणूनच, एकमेकांना हरवल्याशिवाय झोप लागत नाही.

प्रश्न : आमच्या ऑफिसात दोघं एरवी जानी दोस्त, पण ऑक्टोबर संपत आला की धड बोलत नाहीत. एक मॅसिलनचा, एक कँटनचा. दोघंही पन्नाशीचे, खेळणारी पोरं यांची नाहीत. काय करावं? – ओहायोतून एक वाचक

उत्तर : ताई, काही करू नका, मॅच झाली की बोलतील. निदान जिंकलेला तरी बोलेलच! या दोन गावांच्या हायस्कूल फुटबॉलमध्ये १८९४पासून भांडतायत, १३०च्या वर मॅच झाल्यात, आणि गावं एकाच काउंटीत, गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. मॅसिलनला मुलगा जन्मला की बूस्टर क्लबवाले, म्हणजे टीमला पाठबळ देणारे गावकरी, हॉस्पिटलमध्येच छोटा फुटबॉल द्यायचे, म्हणजे तुमच्या मॅसिलनवाल्याला पाळण्यातच मिळाला असणार. त्यांचा कोच पॉल ब्राउन, १९३२ ते १९४०, पुढे क्लीव्हलंडच्या प्रोफेशनल टीमचं नावच त्याच्यावरून ब्राउन्स पडलं. कँटनवाला म्हणणार एनएफएलची सुरुवात १९२०ला आमच्या गावात झाली, थोर खेळाडूंचं संग्रहालय, हॉल ऑफ फेम, आमच्याकडे, आणि त्याच्या शेजारच्या स्टेडियममध्ये आमची शाळा खेळते. दोघंही खरं बोलतायत, म्हणून तर वाद मिटत नाही. त्या आठवड्यात दोघांच्या मध्ये बसू नका, एवढंच.

प्रश्न : मग खासगी शाळांचं काय? त्यांना कुठलं गाव? – एक कॉलेजकुमार

उत्तर : नेमकं बोललास. कॅथलिक शाळांना पत्त्याची अट तशी नसते, लांबलांबून पोरं येतात, म्हणून सरकारी शाळावाले सदा कुरकुरतात की हे टीम गोळा करतात. कॅलिफोर्नियातली डी ला साल ही असलीच शाळा १९९२ ते २००४ सलग १५१ मॅच जिंकली, आता तिकडे मेटर डे आणि सेंट जॉन बॉस्को यांची मॅच देशभर बघतात. खेळ भारीच असतो, नाही म्हणत नाही. पण मला विचारशील तर २०२३चा ओहायोचा फायनल. मॅसिलनने जुन्या काळी, विजेता मतांवर ठरायचा तेव्हा, भरपूर किताब मिळवले, पण १९७२ला प्लेऑफ म्हणजे बाद फेरीच्या मॅच सुरू झाल्यापासून एकदाही नाही, आणि समोर ॲक्रनची खासगी शाळा होबन. मॅसिलन जिंकलं, स्कोअर ७-२. दोन! असला किरकोळ स्कोअर, आणि गावाने त्यासाठी पन्नास वर्षं वाट बघितलेली.