सिग्नलला तापणारी गाडी
प्रश्न : माझ्या वीस वर्षं जुन्या पेट्रोल गाडीच्या तापमानाचा काटा सिग्नलला चढतो, हायवेला उतरतो. रेडिएटर बदलावा का?

उत्तर : घाई नको. धावत्या गाडीत रेडिएटर वाऱ्याने गार होतो, उभ्या गाडीत पंख्याने. म्हणून पहिला संशय पंख्यावर. इंजिन गार असतानाच कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी पाहा (गरम असताना झाकण उघडलंत तर हात भाजलाच). मग फ्यूज, रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) तपासा. ते ठीक असतील तर पंख्याला बॅटरीचे १२ व्होल्ट थेट द्या. फिरला नाही, तर मोटर गेली. अनेकदा तिच्यातले कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) झिजलेले असतात. फिरला, तर रेडिएटरवरच्या दोन वायरींच्या थर्मोस्विचचा (कूलंट तापलं की पंखा चालू करणाऱ्या स्विचचा) प्लग काढा आणि इग्निशन चालू ठेवून प्लगची दोन्ही टोकं तारेने जोडा. बोटं पंख्यापासून लांब! पंखा सुरू झाला, तर स्विच खराब. तो बदलताना वॉशरही नवाच घाला.