हॉलमधला कान्हा

"मावशी, मी 16 वर्षांचा, अकरावीत आहे. पाच वर्षांचा असताना तान्हा पोळ्याला कृष्ण झालो होतो, वेशभूषेत पहिला नंबर आला. तो फोटो आईने मोठा करून हॉलमध्ये लावलाय. घरी येणारा प्रत्येक जण आधी फोटो पाहतो, मग मला. मागच्या महिन्यात मामी म्हणाली, 'हाच का तो कान्हा? काहून असा झाला रे बाप्पा?' नाक मोठं झालंय, तोंड लांबट झालंय, हनुवटी तर नाहीच. रात्री मोबाइलच्या कॅमेऱ्यात नाक बघत बसतो. कॉलेजच्या ग्रुप फोटोला गेलो नाही. जबडा वाढावा म्हणून रोज दोन तास कडक च्युइंगगम चावतो. हे असंच राहणार का? तो फोटो काढून टाकू का? मामी बोलली तेव्हा आईपण हसली. – म., महाल, नागपूर"

बाबू,

आधी ते च्युइंगगम थुंक. त्याने चावायचे स्नायू थोडे जाड होतील, पण हनुवटीचं हाड काही पुढे यायचं नाही. उलट कानाजवळचा जबड्याचा सांधा दुखायला लागला तर तर्री पोहेसुद्धा गोड लागणार नाहीत. रीलमध्ये जीभ टाळूला चिकटवून जबडा घडवणारे दिसतात, तेही त्यातलेच.

आता तुझ्या नाकाबद्दल. चेहरा वरून खाली वाढतो. जन्मलेल्या बाळाच्या कवटीत मेंदूचा भाग चेहऱ्याच्या जवळपास आठपट असतो, मोठ्या माणसात तो दुपटी-अडीचपटीवर येतो. मेंदू पाच-सहा वर्षांपर्यंत बहुतेक वाढून घेतो, म्हणून त्या वयात कपाळ भलंमोठं आणि खाली इवलंसं तोंड. डोळ्यांचंही तसंच. जन्मतः डोळ्याचा गोळा सुमारे 17 मिलिमीटर लांब असतो, मोठेपणी 24, आणि ही वाढ बहुतांश पहिल्या दोन-तीन वर्षांतच होते. म्हणजे हॉलमधल्या कान्ह्याचे डोळे आणि तुझे आजचे डोळे जवळजवळ एकाच मापाचे आहेत. डोळे तेच, भोवतीचा वाडा वाढलाय.

वरचा जबडा खाली आणि पुढे सरकतो, दुधाचे दात जाऊन पक्के येतात, त्यांना जागा लागते, गालांची गोलाई ओसरते, नाकाचा दांडा वर येतो. खालचा जबडा सगळ्यात आळशी. मुलींचा पंधरा-सोळापर्यंत बराचसा उरकतो, मुलांचा अठरापर्यंत आणि त्यानंतरही थोडा चालतो. तुझं नाक वेळेवर पोचलं, हनुवटी अजून वाटेत आहे. ती किती पुढे येईल ते मी सांगू शकत नाही, वडिलांच्या आणि काकांच्या हनुवट्या बघून थोडा अंदाज बांध. पण सोळाव्या वर्षी निकाल लावू नकोस. पाचव्या वर्षीचा चेहरा सरकारसुद्धा कायमचा धरत नाही, म्हणून तर आधारचे ठसे आणि फोटो पाचव्या वर्षी घेऊन पंधराव्या वर्षी पुन्हा घेतात.

आणि मोबाइल? एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ 30 टक्के रुंद दिसतं. जे जवळ ते मोठं, एवढंच गणित. तू रोज रात्री ज्याच्याशी भांडतोस ते नाक तुझ्या तोंडावर नाहीच, ते फक्त त्या काचेत आहे.

मी आठवीत होते तेव्हा आत्या म्हणायची, "आधी हिचं नाक दारात येते, मागून ही येते." पन्नास वर्षं झाली, ते वाक्य गेलं नाही. आत्याने शिवून दिलेले फ्रॉक मात्र विसरले, त्याचं आता वाईट वाटतं. असो, माझं पुराण कशाला.

'गोड' म्हणजे काय तेही ऐक. मोठं कपाळ, मोठे डोळे, फुगरे गाल, बुटकं नाक. कॉनराड लॉरेन्झ नावाच्या शास्त्रज्ञाने 1943 साली लिहून ठेवलं की असं तोंड दिसलं की आपल्याला आपोआप माया येते, मग ते माणसाचं असो की कुत्र्याच्या पिल्लाचं. म्हणजे ती गोडी तुझी एकट्याची नव्हती रे, ती वयाची होती. वासराचं तोंड आखूड, बैलाचं लांब. पोळ्याच्या दिवशी शिंगं रंगवून, झूल घालून बैल दारात उभा राहतो तेव्हा कोणी त्याला म्हणतं का, 'वासरू होता तेव्हा किती गोड होता, आता काहून असा झाला'?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. नाक, तोंड, हनुवटी, सगळं तपशिलात आहे. आई हसली हे एकाच वाक्यात आहे, तेही सगळ्यात शेवटी. मला वाटतं पत्र तिथूनच सुरू व्हायला पाहिजे होतं. मामीचं सोड, तिचे टोमणे या वर्षी मारबतीच्या पुतळ्यासोबत गावाबाहेर पाठव. 'घेऊन जा गे मारबत' म्हणताना मनात तिचं नाव घे, कोणाला कळणार नाही. पण आई हसली ते लागलं ना?

ती तुझ्यावर हसली नसावी. पाहुण्यांसमोर वहिनी काही बोलली की बायका हसून वेळ मारून नेतात, ते हसणं मी हजारदा हसले आहे. आणि तो फोटो तिने आजच्या तुझी त्याच्याशी तुलना करायला लावलेला नाही. तो पोरगा तिच्या कडेवर मावायचा, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मागायला लाकडी बैल ओढत घरोघर जायचा आणि दमला की तिच्याच खांद्यावर झोपायचा. आता तू दार लावून बसतोस. तिला कान्हा दिसणं बंद झालंय ते नाकामुळे नाही.

म्हणून फोटो गुपचूप काढू नकोस, घरात महाभारत होईल आणि तिला खरं कारण कधीच कळणार नाही. ती भाजी निवडत असेल तेव्हा शेजारी बस. सांग, "आई, फोटो राहू दे, पण पाहुण्यांसमोर माझी त्याच्याशी तुलना झाली की मला लागते. त्या दिवशी तू हसली तेही लागलं." एवढंच. भाषण देऊ नकोस. ती आधी म्हणेल, "एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसला?" गप्प बस आणि दोन दिवस जाऊ दे.

दोन गोष्टी मात्र गंभीरपणे. वरचे-खालचे दात नीट मिटत नसतील किंवा जबडा एका बाजूला सरकलेला वाटत असेल, तर मेडिकल कॉलेजच्या परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखव. वाढीच्या वयात त्यावर उपाय सोपे असतात. आणि आरशापायी क्लास बुडायला लागले, झोप उडाली, बाहेर पडणंच बंद झालं, तर घरी सांग किंवा 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतीच्या नंबरवर फोन कर. तो मोफत आहे. तिथे तुझं नाक कोणी पाहणार नाही, हाही एक फायदाच.

या तान्हा पोळ्याला गल्लीतल्या एखाद्या चिल्ल्यापिल्ल्याचा लाकडी बैल धरून उभा राहा. कोणाला तरी पाच-सहा फुटांवरून फोटो काढायला लाव आणि तो आईला दे, कान्ह्याच्या शेजारी लावायला. फ्रेम तुझ्या पैशाने कर. च्युइंगगमचे वाचतील, त्यात होऊन जाईल.

– मावशी